उंदराचं दुखणं ओळखायचं कसं: कोकणातल्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

केजचं झाकण उघडण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघायचं. हात मागे, मोबाइल बाहेर, बोलणं बंद. या दोन मिनिटांत जे दिसतं ते नंतरच्या अर्ध्या तासात दिसत नाही, कारण उंदीर दुखणं लपवतो. लंगडणारा उंदीर मांजराच्या नाहीतर घुबडाच्या तोंडी आधी जातो, त्यामुळे चाहूल लागली की तो धडधाकट असल्यासारखा वागतो. मांडीच्या हाडात कर्करोग पसरलेला उंदीरसुद्धा झाकण वाजलं की कान टवकारून कोपऱ्यात पळतो, आणि नवखा निरीक्षक वहीत लिहितो, ‘नॉर्मल’. हा शब्द वहीतून काढूनच टाका. काय दिसलं ते लिहा: चारही पाय टेकले होते का, पाठ सरळ होती का, घरटं होतं का.

प्रयोगासाठी उंदरांना कर्करोगाच्या पेशी टोचून गाठ, म्हणजे ट्यूमर, वाढवतात; त्या उंदरांचं दुखणं ओळखण्याबद्दलचा हा लेख एम.एस्सी.-पीएच.डी.चे विद्यार्थी, प्रकल्पावर नव्याने रुजू झालेले सहायक आणि अ‍ॅनिमल हाउसमधले, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या जागेतले, अटेंडंट यांच्यासाठी आहे. इथे उंदीर म्हणजे माऊस, वीस-पंचवीस ग्रॅमचा. रॅटची, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराची, गोष्ट वेगळी. त्याचं दुखणं डोळ्याभोवतीच्या लालसर स्रावावरून ओळखण्याची सवय असेल तर इथे ती विसरा, माऊसमध्ये ते क्वचित दिसतं.

कागद आधी

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची, म्हणजे आयएईसीची, मंजुरी नसेल तर पुढचं काही वाचू नका. कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्याखालची, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी समिती पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची, आता सीसीएसईए. ‘फॉर्म बी’, म्हणजे मंजुरीचा अर्ज, भरताना दोन प्रश्नांची उत्तरं नेमकी लिहा: वेदनाशामक कधी द्यायचं, आणि उंदराला कुठल्या खुणेवर प्रयोगातून काढून वेदनारहित मृत्यू द्यायचा. ‘गरजेनुसार’ हा शब्द चालत नाही. ‘मूळ वजनाच्या वीस टक्के घट’, ‘गाठ फुटून जखम’, ‘पाय अजिबात न टेकणं’ असं लिहिलेलं असेल तर रविवारी रात्री एकट्या अटेंडंटलाही निर्णय घेता येतो.

तारखांचा विचारही याच वेळी करावा. कोकणात गणपती आणि शिमग्याला कर्मचारी गावी जातात, निरीक्षक बदलतो, पशुवैद्यक फोनवर सापडत नाही. हाडाच्या कर्करोगाच्या बहुतेक मॉडेलमध्ये, म्हणजे उंदरात मुद्दाम घडवलेल्या आजारात, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चढतं. तो तिसरा आठवडा गौरी-गणपतीत येणार असेल तर पेशी टोचण्याची तारीखच पुढे ढकला. कॅलेंडर बघायला पाच मिनिटं लागतात.

खोली

आपल्याकडे निम्म्या चुका खोलीतच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

भारतीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे उंदरांच्या खोलीचं तापमान १८ ते २९ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के असावी. तापमान एसीने जमतं. आर्द्रता जून ते सप्टेंबर जमत नाही. एसी २३ वर ठेवला की सगळ्यांना वाटतं काम झालं. पण खोली थंड झाली की कॉम्प्रेसर थांबतो, पंखा चालू राहतो आणि कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. काटा ८० च्या वर जातो. हवेतली ओल ओढून घेणारं वेगळं यंत्र, डिह्युमिडिफायर, लागतंच. आर्द्रतामापक दाराशेजारच्या भिंतीवर टांगू नका, रॅकच्या मधल्या फळीवर केजच्या उंचीला ठेवा. आकडा सकाळ-संध्याकाळ, निरीक्षणाच्याच तक्त्यावर लिहा, वेगळ्या वहीत नको.

आर्द्रतेचा दुखण्याशी संबंध काय? बेडिंग, म्हणजे केजमधलं अंथरूण, दमट राहिलं की त्यातले जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया भराभर करतात. अमोनियाने डोळे चुरचुरतात, उंदीर डोळे बारीक करतो. चेहऱ्यावरून वेदना मोजताना ‘डोळे आवळलेले’ ही पहिलीच खूण आहे. म्हणजे केज दोन दिवस उशिरा बदलला तर निरोगी उंदरालाही ‘वेदने’चे गुण पडतात. पावसाळ्यात बेडिंग बदलण्याचा वार आठवड्यातून एक असेल तर दोन करा. मात्र निरीक्षणाच्या दिवशी बदलू नका. नव्या बेडिंगवर उंदीर तासन्‌तास हुंगत फिरतो आणि सगळे आकडे बिघडतात. आदल्या दिवशी बदला, जुन्या घरट्यातला थोडा कापूस नव्या केजमध्ये ठेवा.

कोकणात तूस मुबलक, म्हणून बरेच जण भाताचं तूस बेडिंगला वापरतात. हरकत नाही, पण ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून), पूर्ण वाळवून आणि चाळून. तुसाची टोकं पायाच्या तळव्याला टोचतात, आणि तळव्यावरच तुम्ही पुढे चाचणी करणार आहात. शक्य असेल तर वेदनेच्या प्रयोगापुरतं मक्याच्या कणसाचं बेडिंग घ्या. काहीही घ्या, मध्येच बदलू नका.

खाद्याची पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवायची नाहीत. जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाझरते. पोत्यावरची तारीख बघा, सहा महिन्यांपेक्षा जुनं नको. बुरशीचा वास येणारं खाद्य उंदीर कमी खातो, वजन उतरतं आणि खापर ट्यूमरवर फुटतं.

खाऱ्या हवेत केजच्या जाळीचे सांधे गंजतात आणि पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकते. सुस्त, पाठ वाकलेला, केस पिंजारलेला उंदीर दिसला की आधी बाटली उलटी करून बोटाने गोळी दाबा. थेंब येत नसेल तर तो उंदीर तहानलेला आहे, वेदनेत नाही.

आवाजाचंही असंच. उंदराला ऐंशी हजार हर्ट्‌झच्या पुढचंही ऐकू येतं, आपली धाव वीस हजारापर्यंत. ट्रॉलीचं करकरणारं चाक, ठिबकणारा नळ, स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर आपल्याला शांत वाटतो, त्याला नाही. जनरेटर सुरू झाला तर त्या दिवशीची वेळ तक्त्यावर लिहा आणि पुढचा तासभर चाचणी घेऊ नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली होतं. वादळाचा इशारा आला की डिझेल मोजायचं आणि ज्या उंदरांची गाठ मर्यादेच्या जवळ आहे त्यांचा निर्णय इशारा असतानाच घ्यायचा. वीज गेल्यावर, अंधारात, पशुवैद्यक नसताना घेतलेला निर्णय उंदरासाठी वाईट आणि आकड्यांसाठीही.

तुम्ही स्वतः

उंदीर तुम्हाला आधी नाकाने ओळखतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की खोलीत पुरुष असला, किंवा पुरुषाने घातलेला टी-शर्ट जरी ठेवला, तरी उंदरांची वेदनेची वागणूक दबते. ताणामुळे वेदना तात्पुरती झाकली जाते. याचा अर्थ पुरुषांनी निरीक्षण करू नये असा नाही. अर्थ एवढाच की एका प्रयोगाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच निरीक्षक हवा, त्याने मोजण्याच्या अर्धा-एक तास आधी खोलीत येऊन शांत बसावं, आणि तक्त्यावर निरीक्षकाचं नाव असावं.

बाकीचे वास तुमच्या हातात आहेत. सकाळी मासळी बाजार करून थेट खोलीत यायचं नाही. डोक्याला खोबरेल, मनगटाला अत्तर नको. आणि घरात मांजर असेल, कोकणात ती असतेच, तर तिला मांडीवर घेतलेल्या कपड्यांवर फक्त अ‍ॅप्रन चढवून भागत नाही. कपडे बदला. मांजराच्या वासाने उंदीर थिजतो, आणि थिजलेला उंदीर वेदनेतल्या उंदरासारखाच दिसतो.

उचलताना शेपटीला धरू नका. केजमध्ये साधारण पाच सेंटिमीटर व्यासाची, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी कायम ठेवा. उंदीर आपणहून आत शिरतो, नळीसकट उचला. किंवा ओंजळीत घ्या. शेपटीने उचललेले उंदीर अधिक घाबरट होतात हे २०१० पासून नीट दाखवलेलं आहे, तरी जुन्या सवयी जात नाहीत. पहिल्या आठवड्यात नळीने वेळ जास्त लागतो. दुसऱ्या आठवड्यापासून शेपटीपेक्षा कमी.

पहिला आठवडा: अजून ट्यूमर नाही

पेशी टोचण्याआधी किमान एक आठवडा सगळी निरीक्षणं निरोगी उंदरांवर करायची. उंदीर नव्याने आणले असतील तर त्याआधी त्यांना स्थिरावायला आणखी एक आठवडा. हा काळ वाचवण्याचा मोह प्रत्येक नवख्याला होतो. पण वेदना मोजणं म्हणजे त्या उंदराची त्याच्याशीच तुलना. एखादा उंदीर मुळातच आळशी, घरटं धड न बांधणारा असतो. त्याचा आधीचा आकडा नसेल तर तिसऱ्या आठवड्यात वाईट घरटं बघून तुम्ही काय ठरवणार?

उंदरांवर खूण करा, कोड द्या, आणि कुठल्या उंदराला ट्यूमर आहे, कुणाला औषध आहे हे निरीक्षकाला कळणार नाही अशी केजवरची कार्डं लावा. गाठ बाहेरून दिसत असेल तर हे पूर्ण जमत नाही. मग निदान चेहऱ्याचे फोटो तरी दुसऱ्या माणसाकडून, शरीराचा भाग कापून, क्रम विस्कटून तपासून घ्या.

नर एकत्र असतील तर पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी चावे आहेत का ते या आठवड्यात बघा. दातही बघा, वाकडे वाढलेले दात असलेला उंदीर खात नाही, त्याला प्रयोगात घेऊच नका.

रोजचं निरीक्षण

वेळ ठरलेली. दिवे सकाळी सातला लागत असतील तर आठ ते दहा बरी. उंदीर निशाचर आहे, दुपारी तो झोपलेला असतो आणि झोपलेल्या उंदराबद्दल काही सांगता येत नाही. रात्रीची हालचाल बघायची असेल तर मंद लाल दिवा वापरा, तो त्याला फारसा दिसत नाही.

पेशी टोचल्यानंतर गाठ हाताला लागेपर्यंत आठवड्यातून तीनदा, नंतर रोज, आणि मर्यादा जवळ आली की दिवसातून दोनदा. सुट्टीच्या दिवशीही.

१. झाकण न उघडता दोन मिनिटं. उंदीर घरट्यात सोबत्यांबरोबर आहे की एकटा कोपऱ्यात? पाठ कमानीसारखी उचललेली आहे का? केस अंगाला चिकटून, तुळतुळीत आहेत की पिंजारलेले? पोटाशी, गाठीशी तोंड नेऊन सतत चाटतो का?

२. झाकण हलकेच उघडून केज थोडा वळवा. निरोगी उंदीर उठतो, मागच्या पायांवर उभा राहतो, हुंगतो. उशिरा उठणारा, उठून लगेच बसणारा नोंदवा.

३. नळीने वजनकाट्यावर. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरे, पण दर सकाळी प्रमाण वजन ठेवून तपासा.

४. कण्यावर आणि कमरेच्या हाडांवर बोट फिरवा. हाडं मांसाखाली गोल लागली तर ठीक. मणके एकेक मोजता आले तर तो खंगतोय. याला १ ते ५ असे गुण देतात, ३ म्हणजे चांगला. २ वर आला की त्याच दिवशी पशुवैद्यकाला सांगा.

५. गाठीची लांबी आणि रुंदी कॅलिपरने (मापाच्या चिमट्याने) मोजा. त्वचा फुटली आहे का, ओली आहे का.

वजनात एक सापळा आहे. गाठही वजनात मोजली जाते. समजा उंदीर सुरुवातीला २२.० ग्रॅमचा होता, आज २१.५. घट २.३ टक्के, म्हणजे किरकोळ. पण गाठ १२ बाय १० मिलिमीटरची आहे. लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन, म्हणजे ६०० घन मिलिमीटर, ढोबळमानाने ०.६ ग्रॅम. उंदीर स्वतः २०.९ ग्रॅमचाच उरला. खरी घट पाच टक्के. पोटात पाणी साचणाऱ्या मॉडेलमध्ये तर वजन वाढत जातं आणि उंदीर मरणाच्या वाटेवर असतो. तिथे वजनावर विसंबू नका, कण्यावरचं बोट खरं सांगतं.

चेहरा

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची ग्रिमेस पट्टी मांडली. खुणा पाच: डोळे आवळणं, नाकाचा पूल फुगणं, गाल फुगणं, कानांची ठेवण, मिशांची ठेवण. प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, मग सरासरी.

डोळ्यापासून सुरुवात करा, तोच सगळ्यांत भरवशाचा. निरोगी उंदराचा डोळा काळ्या मण्यासारखा (पांढऱ्या उंदराचा लाल) गोल आणि पुढे आलेला असतो. एक गुण म्हणजे पापणी खाली आलेली, मण्याचा बदाम झालेला. दोन गुण म्हणजे निम्म्याहून अधिक मिटलेला आणि डोळ्याभोवती सुरकुती. कान एरवी पुढे वळलेले, एकमेकांजवळ. वेदनेत ते बाहेरच्या बाजूला फिरतात, मागे जातात, दोन कानांमधलं अंतर वाढतं. मिशा एक तर गालाला चिकटतात, नाहीतर ताठ पुढे येऊन झुबका होतो.

उंदराला छोट्या पारदर्शक डब्यात ठेवा, दोन्ही बाजूंनी कॅमेरा, अर्धा तास चित्रण, दर तीन मिनिटांच्या टप्प्यातून एक स्वच्छ चेहरा. झोपलेला, अंग चाटणारा किंवा हुंगणारा उंदीर घ्यायचा नाही; या तिन्हींत डोळे बारीक होतात. काळ्या उंदरामागे पांढरा पुठ्ठा, पांढऱ्यामागे गडद निळा. पावसाळ्यात डब्याच्या भिंतीवर उंदराच्या श्वासाची वाफ धरते आणि मिशा दिसेनाशा होतात, म्हणून झाकणाला भोकं हवीत आणि मध्ये एकदा पुसायला कापड. भुलीचं औषध आयसोफ्लुरेन दिल्यानंतर लगेच चित्रण करू नका, भुलीनेही गुण वाढतात.

दोघांनी वेगवेगळे वीस फोटो तपासून गुण ताडून बघितल्याशिवाय खऱ्या फोटोंना हात लावू नका. जिथे मतभेद होतो तो बहुतेक वेळा गाल असतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. ही पट्टी काही मिनिटं ते काही तास टिकणाऱ्या वेदनेसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी उत्तम. आठवडेच्या आठवडे मुरलेल्या वेदनेत चेहरा बराचसा सरळ राहतो. शून्य गुण आले म्हणजे दुखत नाही, असं ट्यूमरच्या उंदराबाबत लिहू नका.

पाय

हाडाच्या कर्करोगात सगळ्यांत बोलका अवयव पाय. १९९९ मध्ये मिनेसोटातल्या संशोधकांनी उंदराच्या मांडीच्या हाडात सार्कोमा या कर्करोगाच्या पेशी सोडून जे मॉडेल मांडलं, त्यातली मोजमापं आजही चालतात.

जाळीवर किंवा स्वच्छ डब्यात उंदीर ठेवा, अर्धा तास रुळू द्या, मग दोन मिनिटं स्टॉपवॉच लावून दोन गोष्टी मोजा. पहिली, पाय सांभाळणं: चालताना तो पाय किती सेकंद वर धरला. दुसरी, पाय झटकणं: एका जागी असताना तो किती वेळा उचलला. झटका बारीक असतो. तळवा गरम तव्याला लागल्यासारखा चटकन वर येतो, बोटं आखडतात, क्षणभर पोटाजवळ थांबतो आणि हळू खाली येतो, पण टाच टेकत नाही. अंग साफ करताना उचललेला पाय सावकाश वर जातो आणि तोंड त्याच्यामागे जातं. तो मोजायचा नाही. पहिले पाच-सहा दिवस चित्रण करून निम्म्या वेगाने बघा, मग नजर बसते.

सोबत पायाच्या वापराचे गुण: ४ नेहमीचा, ३ लंगड, २ लंगड आणि पाय सांभाळणं, १ अधूनमधूनच टेकणं, ० अजिबात नाही. एखाद्या दिवशी ३ वरून थेट ० आला तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. एक्स-रेची वाट बघत बसू नका, त्या उंदराचा प्रयोग तिथेच संपला.

फॉन फ्रायचे तंतू

तळव्याला ठरावीक जोराने टोचून पाय कधी ओढला जातो ते बघायची ही चाचणी. मॅक्सिमिलियन फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यासाठी केस वापरले होते. आता नायलॉनचे तंतू येतात. उंदरासाठी ०.०२, ०.०४, ०.०७, ०.१६, ०.४, ०.६, १.० आणि १.४ ग्रॅम हा संच पुरतो.

उंदीर जाळीवरच्या कप्प्यात सलग तीन दिवस रोज तासभर ठेवून सवय लावा. चाचणीच्या दिवशी फिरणं थांबेपर्यंत, साधारण अर्धा-एक तास, वाट बघा. ०.४ ने सुरुवात. तंतू खालून सरळ, तळव्याच्या मधोमध, उशांसारख्या फुगवट्यांना न लावता, किंचित वाकेपर्यंत दाबा आणि दोन-तीन सेकंद धरा. पाय झटकन ओढला, झाडला किंवा चाटला तर प्रतिसाद; पुढचा तंतू हलका. काही नाही तर पुढचा जड. प्रतिसाद पहिल्यांदा उलटला की त्यानंतर आणखी चार वेळा, आणि मिळालेल्या क्रमावरून तक्त्याने निम्म्या वेळा प्रतिसाद देणारा जोर काढायचा. दोन टोचण्यांत किमान अर्धा मिनिट. चालायला म्हणून उचललेला पाय धरू नका, पुन्हा टोचा. जाळीवर लघवीचा थेंब असेल तर पुसा, ओला तंतू घसरतो.

आता कोकणातली अडचण. नायलॉन हवेतलं पाणी शोषतं आणि नरम पडतं. डब्यावर ०.४ लिहिलेला तंतू जुलैत ०.४ चा जोर लावेलच असं नाही, कमीच लावतो. आधारभूत मोजमाप कोरड्या खोलीत घेतलं आणि तिसऱ्या आठवड्यात डिह्युमिडिफायर बंद पडला, तर हलक्या झालेल्या तंतूला उंदीर कमी प्रतिसाद देतो आणि कागदावर असं दिसतं की ट्यूमर वाढला तसं दुखणं कमी झालं. त्यामुळे दर चाचणीच्या सकाळी तंतू तपासा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या (सर्वांत हलक्या दोन तंतूंसाठी ०.००१ चा), पंखा बंद करा, काट्याची दारं लावून शून्य करा. एका बाजूचं दार उघडून तंतू पात्रावर सरळ उभा धरा आणि अलगद खाली न्या. तो कमानीसारखा वाकला की आकडा एका जागी थांबतो. आणखी दाबलं तरी फारसा चढत नाही. तो आकडा टिपा. पाच वेळा करा, सरासरी लिहा. ०.४ चा तंतू सतत ०.३३ दाखवत असेल तर हिशोबात ०.३३ धरा, डब्यावरचा आकडा नाही. संच हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसकट ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ती ओव्हनमध्ये वाळवा. टोक झिजून तिरकं झालेला तंतू फेकून द्या.

घरटं आणि उकरणं

ज्या कामांची उंदराला सक्ती नाही ती दुखत असताना तो आधी सोडतो. म्हणून या दोन चाचण्या साध्या असल्या तरी आम्हाला त्या महागड्या यंत्रांपेक्षा भरवशाच्या वाटतात.

दिवे मालवण्याआधी तासभर, एकट्या उंदराच्या केजमध्ये दाबलेल्या कापसाची सुमारे तीन ग्रॅमची चौकोनी वडी ठेवा. सकाळी गुण द्या. १: वडी जवळजवळ शाबूत. २: थोडी फाडलेली. ३: बरीच फाडलेली, पण केजभर विखुरलेली. ४: सपाट घरटं. ५: वाटीसारखं, ज्याच्या भिंती निम्म्याहून अधिक घेरात उंदरापेक्षा उंच. वडी आधी कोरड्या डब्यात ठेवलेली हवी; दमट वडी ओढायला जड जाते. एकटं ठेवण्याचा ताण असतो, म्हणून फक्त त्या रात्रीपुरतं, आणि नर असतील तर परत एकत्र करताना भांडण होतंय का ते उभं राहून बघा.

उकरण्यासाठी प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाइप चालतो: २० सेंटिमीटर लांब, सुमारे सात सेंटिमीटर व्यास, एक तोंड बंद, उघडं तोंड दोन स्क्रूंनी तीन सेंटिमीटर उचललेलं. आत २०० ग्रॅम खाद्याच्या गोळ्या. दोन तासांनी आत उरलेल्या तोला. निरोगी उंदीर बऱ्याचशा बाहेर ढकलतो. का ढकलतो हे त्याचं त्याला ठाऊक. पाइप आधी दोन-तीन उंदरांना मिळून एक रात्र द्या, म्हणजे बुजरेही शिकतात. गोळ्या पावसाळ्यात ओल धरून वजनाला वाढतात, म्हणून भरण्याआधी आणि नंतर लगेच तोला, उरलेल्या रात्रभर उघड्या ठेवून सकाळी नाही.

दुखतंय की खंगतोय?

कर्करोगाच्या उंदरात हा प्रश्न येणारच. घरटं बांधत नाही तो वेदनेमुळे की अशक्तपणामुळे? सोपी परीक्षा म्हणजे वेदनाशामक देऊन बघणं. वागणूक मूळ आकड्याकडे वळली तर त्यात वेदनेचा वाटा होता. नाही वळली तर एक तर मात्रा कमी, नाहीतर तो आजारपणाने खंगलाय. औषध आणि मात्रा पशुवैद्यक ठरवेल, पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाने निरोगी उंदीरही जास्त धावतो आणि कमी खातो, म्हणजे ‘हालचाल वाढली’ हा एकटा पुरावा धरता येत नाही. निरोगी उंदरांना तेच औषध दिलेला गट हवा. ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, तेव्हा कुलूपबंद कपाट आणि मिलिलिटरचा हिशोब असलेली वही. दुसरं, मेलॉक्सिकॅमसारखी दाहशामकं काही ट्यूमरची वाढच बदलू शकतात. ती द्यायची तर सगळ्या गटांना सारखी.

थांबण्याचा दिवस

वीस टक्के वजनघट (गाठ वजा करून), गाठीचा सरासरी व्यास बारा मिलिमीटरच्या आसपास किंवा गाठ शरीराच्या वजनाच्या दहा टक्के, फुटलेली ओली जखम, पाय शून्यावर, हात लावला तरी न हलणं, श्वास ओढून घेणं. यातलं एकही दिसलं की त्याच दिवशी निर्णय. उद्या सकाळी पुन्हा बघू, असं म्हणायचं नाही. उंदराची एक रात्र मोठी असते आणि सकाळी बहुतेक वेळा मेलेला उंदीर मिळतो, ज्याच्या ऊतींचा कुणालाच उपयोग नाही.

मृत्यू देण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर उंदराला त्याच्याच केजमध्ये ठेवा, वायू आधी भरून ठेवलेल्या पेटीत टाकू नका. प्रवाह दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के, फ्लोमीटर लावून. सिलिंडरची चावी अंदाजाने फिरवून नाही. श्वास थांबल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा आणि मृत्यूची दुसऱ्या पद्धतीने खात्री करा.

मग गाठ काढून काट्यावर तोला आणि तो आकडा शेवटच्या कॅलिपरच्या आकड्याशेजारी लिहा. दहा-बारा उंदरांनंतर तुमचा हात किती जास्त किंवा कमी मोजतो ते कळेल, आणि पुढच्या तुकडीची वजनघट त्या हिशोबाने काढता येईल.